*शीट लॉक झाली, पासवर्ड कुणालाच माहीत नाही: आता काय करायचं?*



आज खत-फवारणीचा मेसेज नाही, आजचा धडा मोबाईल आणि कॉम्प्युटरवरच्या यादीचा आहे. सोयाबीनची मापं, बियाण्याची मागणी, शेअरची रक्कम, बँक खाते नंबर हे सगळं आता एक्सेल शीटमध्ये असतं. गटप्रमुख आणि सभासद बऱ्याच दिवसांपासून एकच गोष्ट विचारायलेत: "सर, शीट उघडते, पण बदल करू देईना. पासवर्ड मागते. ज्यानं बनवली तो काम सोडून गेला."

हे किरकोळ वाटतं, पण यात पैसा अडकतो. एक हिशोब बघा.

सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ ला ४,८९२ रुपये क्विंटल होता. २०२५-२६ ला तो ५,३२८ रुपये झाला. आता समजा, मापाच्या शीटमध्ये दराचा खाना लॉक आहे आणि त्यात जुनाच दर बसलेला आहे. एका शेतकऱ्याचा माल १२ क्विंटल ४० किलो भरला.

▪️ जुन्या दरानं: १२.४० × ४,८९२ = ६०,६६०.८० रुपये
▪️ नव्या दरानं: १२.४० × ५,३२८ = ६६,०६७.२० रुपये
▪️ फरक: *५,४०६.४० रुपये*

एका शेतकऱ्याच्या एका मापात एवढा फरक पडतो. खाते नंबरात एक आकडा चुकलेला असला आणि तो दुरुस्त करता येईना, तर पैसे परत येतात, नाहीतर दुसऱ्याच्या खात्यात जातात. म्हणून हा धडा सावकाश वाचा. लांब आहे, पण *सेव्ह करून ठेवा*, लागेल तेव्हा काढा.

━━━━━━━━━━
*🔴 आधी एक प्रश्न: शीट कोणाची?*
━━━━━━━━━━

कुलूप उघडायच्या आधी हे ठरवा.

✅ शीट आपल्या गटाची किंवा आपल्या कंपनीची आहे, आणि अध्यक्ष, संचालक किंवा सीईओ यांनी "उघडा" म्हणून सांगितलंय: तर पुढं वाचा. सांगितलेलं व्हॉट्सॲपवर लेखी घेऊन ठेवा.

❌ शीट दुसऱ्याची आहे, बँकेची आहे, दुसऱ्या कंपनीची आहे: हात लावू नका. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमधल्या माहितीत शिरणं किंवा ती बदलणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली येतो.

❌ शीट सरकारी पोर्टलवरून उतरवलेला नमुना आहे (जीएसटीचं ऑफलाईन टूल, एखाद्या योजनेचा तक्ता): त्याचं लॉक मुद्दाम असतं. मांडणी बदलली की पोर्टल ती फाईल घेत नाही. तिथं पांढऱ्या मोकळ्या खान्यातच भरायचं. नमुनाच बिघडला असेल तर पोर्टलवरून नवा उतरवून घ्या.

━━━━━━━━━━
*🔵 लॉक पाच प्रकारचं असतं. आधी ओळखा.*
━━━━━━━━━━

रोग न ओळखता फवारणी केली तर औषधही वाया आणि पीकही हातचं जातं. इथंही तसंच आहे. फाईल उघडल्यावर काय दिसतं ते बघा.

*१)* वर पिवळी पट्टी दिसते किंवा "रीड ओन्ली" लिहून येतं, पण पासवर्ड कुठंच मागत नाही. 👉 हे लॉकच नाही.

*२)* गुगल शीटची लिंक आहे आणि वर "व्ह्यू ओन्ली" दिसतं. 👉 इथं परवानगी नाही, पासवर्डचा संबंध नाही.

*३)* फाईल उघडते, सगळं दिसतं, पण खान्यात लिहायला गेलं की "शीट प्रोटेक्टेड आहे" असा मेसेज येतो. 👉 शीटचं लॉक. सगळ्यात जास्त तक्रारी याच्याच.

*४)* खान्यात लिहिता येतं, पण नवं पान जोडता येत नाही, पानाचं नाव बदलता येत नाही, लपवलेलं पान काढता येत नाही. 👉 वर्कबुकच्या मांडणीचं लॉक.

*५)* फाईल उघडायलाच पासवर्ड मागते. आत काय आहे तेही दिसत नाही. 👉 हे खरं कुलूप.

तीन आणि चार नंबरचं लॉक म्हणजे बांधावरचं काटेरी कुंपण. गुरं चुकून पिकात शिरू नयेत म्हणून लावलेलं. चोराला ते अडवत नाही, आणि अडवायला लावलेलंही नसतं. मायक्रोसॉफ्ट कंपनी स्वतःच सांगते की शीटचं लॉक हे सुरक्षेसाठी नाही, चुकून सूत्र पुसलं जाऊ नये म्हणून आहे. पाच नंबरचं मात्र तिजोरीचं कुलूप आहे. दोन्हींचे उपाय वेगळे.

━━━━━━━━━━
*🟢 उपाय*
━━━━━━━━━━

⚠️ *कोणताही उपाय करण्याआधी फाईलची एक प्रत काढा.* नावापुढं "मूळ" लिहून बाजूला ठेवा. काम नेहमी प्रतीवर करायचं, मूळ फाईलला हात लावायचा नाही.

*▶️ प्रकार १: पिवळी पट्टी / रीड ओन्ली*

कॉम्प्युटरवर: पिवळ्या पट्टीवर "एनेबल एडिटिंग" असतं, ते दाबा. पट्टीवर "मार्क्ड ॲज फायनल" असेल तर "एडिट एनीवे" दाबा. झालं. फक्त फाईल ओळखीच्या माणसाकडून आलेली असावी. अनोळखी फाईलला ही पट्टी येते ती आपल्याच भल्यासाठी.

मोबाईलवर: व्हॉट्सॲपमधून फाईल थेट उघडली की बहुतेक वेळा ती नुसती बघायला मिळते. आधी ती फोनमध्ये किंवा ड्राईव्हमध्ये सेव्ह करा, मग एक्सेल किंवा गुगल शीट्सच्या ॲपमधून उघडा. एक्सेल ॲपमध्ये बदल करायला मायक्रोसॉफ्टचं मोफत खातं काढून लॉगिन करावं लागतं. "पासवर्ड मागते" असं आपण म्हणतो, तो बऱ्याचदा या लॉगिनचा असतो, शीटचा नसतो.

*▶️ प्रकार २: गुगल शीट, व्ह्यू ओन्ली*

गुगल शीटला पासवर्ड लावायची सोयच नाही. तिथं मालक ठरवतो कोणी बघायचं आणि कोणी बदलायचं. म्हणून पासवर्ड शोधत बसू नका.

👉 "रिक्वेस्ट एडिट ॲक्सेस" दाबा. मालकाच्या ईमेलवर विनंती जाते. मालकाला फोन करून सांगा, कारण ईमेल रोज कोण बघतं?

👉 मालक काम सोडून गेलेला असला तरी फाईल त्याच्याच खात्यात असते. त्याला नीट बोला. भांडून हे काम होत नाही. "शेअर" मध्ये जाऊन कंपनीच्या ईमेलला एडिटर करा, आणि जमलं तर मालकी कंपनीच्या नावावर करा, एवढंच सांगायचं. दोन मिनिटांचं काम आहे.

👉 तो भेटतच नसेल तर "मेक अ कॉपी" करून बघा. मालकानं कॉपी बंद केली नसेल तर पूर्ण शीट सूत्रांसह आपल्या खात्यात येते. पण लक्षात ठेवा, जुन्या लिंकवर बाकीचे लोक जुनीच शीट बघत राहतील. सगळ्यांना नवी लिंक पाठवा आणि "जुनी बंद" असं स्पष्ट लिहा. नाहीतर अर्धे सभासद एकीत, अर्धे दुसरीत, असा गोंधळ होतो.

*▶️ प्रकार ३: शीटचं लॉक*

चार वाटा आहेत, सोपी आधी.

*(अ) पासवर्ड नसेलच तर?* कॉम्प्युटरवर एक्सेलमध्ये "रिव्ह्यू" टॅबवर "अनप्रोटेक्ट शीट" दाबा. पुष्कळ जण पासवर्ड न टाकताच लॉक करतात. तसं असेल तर दाबल्याबरोबर उघडतं. हे आधी बघा, बाकीची मेहनत वाचते.

*(ब) नव्या शीटमध्ये कॉपी.* लॉक असलेल्या शीटमध्येही बहुतेक वेळा खाने निवडता येतात. सगळे खाने निवडा, कॉपी करा, नवी कोरी फाईल उघडून पेस्ट करा. नव्या शीटला लॉक नसतं. सूत्रं लपवलेली नसतील तर तीही येतात. लपवलेली असतील तर नुसते आकडे येतात, सूत्र नव्यानं लिहावं लागतं. पेस्ट करण्याआधी खाली "आकड्यांची खबरदारी" वाचा.

*(क) गुगल शीट्समधून फिरवून आणणे.* हे मोबाईलवरही जमतं.
१. गुगल ड्राईव्ह ॲप उघडा. *कंपनीच्या किंवा गटाच्या खात्यानं* लॉगिन करा.
२. अधिकच्या खुणेवर दाबून एक्सेल फाईल अपलोड करा.
३. ती गुगल शीट्समध्ये उघडा. तीन ठिपक्यांच्या मेनूतून "शेअर अँड एक्सपोर्ट" मध्ये "सेव्ह ॲज गुगल शीट्स" निवडा. (ॲप नवं-जुनं असेल तसे शब्द थोडे बदलतात.)
४. जी नवी प्रत तयार होते तिचे मालक तुम्ही असता, आणि तिच्यात एक्सेलचा पासवर्ड येत नाही. बहुतेक वेळा लगेच लिहिता येतं.
५. परत एक्सेलच हवी असेल तर त्याच मेनूतून एक्सेल फाईल म्हणून सेव्ह करा.
शीटमध्ये मॅक्रो (बटण दाबून चालणारे प्रोग्रॅम) असतील तर ते या वाटेनं येत नाहीत.

*(ड) कॉम्प्युटर चांगला जमणाऱ्यांसाठी.* गावातला कॉलेजला जाणारा पोरगा-पोरगी हे करू शकते. नव्या पद्धतीची एक्सेल फाईल (नावाच्या शेवटी एक्सएलएसएक्स) ही खरं म्हणजे एक बांधलेली पिशवी असते, आत लहान लहान फायली असतात.
१. प्रतीच्या नावाचा शेवट बदलून "झिप" करा आणि ती पिशवी उघडा.
२. आत "एक्सएल", त्याच्या आत "वर्कशीट्स" फोल्डर आहे. शीट-१, शीट-२ अशा फायली दिसतील.
३. हवी ती फाईल बाहेर काढून नोटपॅडमध्ये उघडा. "शीट प्रोटेक्शन" हा शब्द इंग्रजीत, मधे जागा न सोडता शोधा.
४. त्या शब्दापासून सुरू होणारा कोनी कंसातला पूर्ण तुकडा, उघडत्या कंसापासून बंद कंसापर्यंत, पुसा. एक अक्षरही जास्त-कमी नको. सेव्ह करा.
५. फाईल परत पिशवीत त्याच जागी टाका. नाव पुन्हा पहिल्यासारखं करा आणि एक्सेलमध्ये उघडा.
एक्सेल "फाईल बिघडली" म्हणाली तर घाबरू नका. तुकडा चुकीचा कापला गेला. मूळ प्रत आहे, पुन्हा करा.

*▶️ प्रकार ४: वर्कबुकच्या मांडणीचं लॉक*

वरची (ड) वाटच इथं चालते. फक्त "एक्सएल" फोल्डरमधली "वर्कबुक" नावाची फाईल उघडून "वर्कबुक प्रोटेक्शन" चा तुकडा पुसायचा. नाहीतर (ब) प्रमाणे एकेक पान नव्या फाईलमध्ये कॉपी करा.

*▶️ प्रकार ५: उघडायलाच पासवर्ड*

इथं खरं सांगतो. *याला आडवाट नाही.* एक्सेल २००७ पासून अशी फाईल पूर्ण सांकेतिक करून ठेवली जाते. ती झिप करून बघितली तरी उघडत नाही. पासवर्ड विसरला तर मायक्रोसॉफ्टही काढून देऊ शकत नाही. मग करायचं काय?

👉 ज्यानं लावला त्याला विचारा. इंग्रजी मोठी-लहान अक्षरं, कॅप्स लॉक, आणि कीबोर्ड मराठीवर होता का, हे तपासून पुन्हा टाका.

👉 *लॉक लागण्याआधीची प्रत शोधा.* व्हॉट्सॲप ग्रुपच्या नावावर दाबून "डॉक्युमेंट्स" बघा. ईमेलच्या "सेंट" मध्ये बघा. ऑडिटसाठी, बँकेला, सीएकडे पाठवलेली प्रत कुणाकडं तरी असते. गटातल्या जुन्या सभासदाच्या फोनमध्येही सापडते.

👉 काहीच नाही मिळालं तर कागदावरून नवी बनवा: शेअर अर्ज, मापाच्या पावत्या, बँकेचं स्टेटमेंट, वार्षिक सभेत वाटलेला अहवाल. चार जणांनी वाटून घेतलं तर काम लवकर उरकतं. आठ दिवस पासवर्ड शोधण्यापेक्षा हे बरं.

━━━━━━━━━━
*🟠 आकड्यांची खबरदारी (हे वगळू नका)*
━━━━━━━━━━

लॉक उघडलं म्हणून काम संपलं नाही. कॉपी करताना आकडे गुपचूप बदलतात.

▪️ एक्सेल फक्त *पहिले १५ आकडे* खरे ठेवते. पंजाब नॅशनल बँकेचा खाते नंबर १६ आकडी असतो. तो साधा आकडा म्हणून टाकला की शेवटचा आकडा शून्य होतो. बघून कळतही नाही, आणि नंतर लॉक काढून काही उपयोग नसतो.

▪️ खाते नंबरच्या सुरुवातीची शून्यं गळून पडतात.

▪️ आधारसारखा १२ आकडी नंबर मधेच टिंब आणि "ई" घेऊन विचित्र दिसतो. तो आत बरोबर असतो, फक्त दिसत नाही.

👉 उपाय: पेस्ट करण्याआधी नव्या शीटमधला तो उभा रकाना निवडून त्याचा प्रकार *"टेक्स्ट"* करा. मग पेस्ट करताना फक्त "व्हॅल्यूज" पेस्ट करा, नाहीतर जुनी मांडणी परत येते.

शेवटी चार गोष्टी जुन्या-नव्या शीटमध्ये जुळवून बघा:
☑️ एकूण नावं तेवढीच आहेत का?
☑️ वजनाची बेरीज तीच येते का?
☑️ कोणतेही पाच खाते नंबर पासबुकाशी जुळतात का?
☑️ दराच्या खान्यात चालू हंगामाचा दर आहे का?
चारही जुळले तरच ती शीट पेमेंटसाठी पाठवा.

━━━━━━━━━━
*⛔ हे करू नका*
━━━━━━━━━━

❌ "फाईल टाका, लॉक काढून देतो" म्हणणाऱ्या वेबसाईटवर सभासदांची यादी टाकू नका. तिच्यात आपलं नाव, आधार, खाते नंबर, मोबाईल सगळं आहे. शीटचं लॉक निघेल, पण यादी कुणाच्या हाती गेली ते कळणार नाही. दुसऱ्याची माहिती सांभाळण्याची जबाबदारी ठरवणारा कायदाही झालाय (डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३).

❌ यूट्यूबवर बघून अनोळखी मॅक्रो चालवू नका. ते जुने मॅक्रो एक्सेल २०१० पर्यंतच्या कच्च्या लॉकसाठी होते. २०१३ पासूनच्या शीटवर ते तासन्‌तास फिरत राहतात, हाती काही लागत नाही.

❌ "पासवर्ड काढायला ओटीपी सांगा", "स्क्रीन शेअर ॲप टाका" असं कुणी म्हटलं की फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच *१९३०* या राष्ट्रीय सायबर हेल्पलाईनला फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम सापडणं अवघड.

━━━━━━━━━━
*🟣 पुन्हा ही वेळ येऊ नये म्हणून*
━━━━━━━━━━

लॉक वाईट नाही. सूत्राच्या खान्यावर कुणी चुकून आकडा टाकला तर सगळ्या गटाचा हिशोब बिघडतो. लॉक लावा, पण रीतीनं लावा.

*१)* पूर्ण शीट लॉक करू नका. भरायचे खाने (नाव, वजन, खाते नंबर) निवडून "फॉरमॅट सेल्स" मध्ये "लॉक्ड" ची खूण काढा. *दराचा खानाही मोकळा ठेवा*, दर वर्षाला बदलतोच. मग शीट प्रोटेक्ट करा. आता सूत्रं तेवढी बंद राहतात.

*२)* पासवर्ड एकाच माणसाच्या डोक्यात नको. कागदावर लिहून, पाकीट बंद करून, सही-तारीख टाकून ऑफिसच्या कपाटात ठेवा. दोन संचालकांना जागा माहीत असावी. बदलला की पाकीटही बदला.

*३)* फाईल कुणाच्या खाजगी ईमेलवर बनवू नका. कंपनीचं किंवा गटाचं वेगळं खातं काढून त्यात ठेवा.

*४)* कोणी काम सोडताना चाव्या, चेकबुक, शिक्के घेतो, तसेच पासवर्ड आणि फायलींची मालकीही त्याच दिवशी लिहून घ्या.

*५)* महिन्यातून एकदा यादीची छापील प्रत काढून सही करून फाईलला लावा. आपली कंपनी ही कंपनी कायद्याखालची उत्पादक कंपनी आहे. सभासदांचं रजिस्टर ठेवणं कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ८८ नुसार बंधनकारक आहे. "शीट लॉक होती" हे कारण तिथं चालत नाही.

━━━━━━━━━━
*❓ सारखे येणारे प्रश्न*
━━━━━━━━━━

*प्र. माझ्याकडं कॉम्प्युटर नाही, फक्त मोबाईल आहे. जमेल का?*
प्रकार १, २ आणि प्रकार ३ मधली (क) वाट मोबाईलवर जमते. बाकीच्यासाठी ऑफिसला या.

*प्र. लॉक काढलं तर ज्यानं लावलं त्याला कळतं का?*
आपोआप मेसेज जात नाही. पण तुम्ही स्वतःच सांगा. लपवून केलेल्या बरोबर कामावरही पुढं संशय येतो. नव्या फाईलच्या पहिल्या पानावर कुणी, कधी, कुणाच्या सांगण्यावरून उघडली ते लिहा.

*प्र. मी साधा सभासद आहे. मला माझा खाते नंबर चुकलेला दिसला. मी शीट उघडून दुरुस्त करू का?*
नाही, दादा. पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो गटप्रमुखाला पाठवा, ग्रुपवर टाकू नका. दुरुस्ती झाली की नव्या ओळीचा फोटो मागून घ्या. तो मागायचा तुमचा हक्क आहे.

━━━━━━━━━━
📌 *या आठवड्याचं काम*

प्रत्येक गटप्रमुखानं (उमरी, गोरठा, सिंधी आणि बाकी सगळी गावं) आपल्या गटाची शीट उघडून तीनच गोष्टी बघायच्या: बदल करता येतो का, दराचा खाना मोकळा आहे का, पासवर्ड दोघांना माहीत आहे का. तिन्हीचं उत्तर "हो" किंवा "नाही" एवढंच मला पाठवा. *शीट पाठवू नका, पासवर्ड तर अजिबात टाईप करू नका.* जिथं "नाही" येईल तिथं आपण ऑफिसात बसून सोडवू. येताना गटाच्या मापाच्या पावत्या आणि जुनी छापील यादी सोबत आणा.

माप सुरू झाल्यावर काट्यापुढं ट्रॅक्टरची रांग लागते, तेव्हा हे करायला कुणाला सवड नसते. आत्ताच बघून घ्या.


*कृषी सल्लागार, शेतकरी उत्पादक कंपनी, उमरी (जि. नांदेड)*